चाळीस पिवळ्या ओढण्या

आमच्या घरी माणसाचे हात बघून कळायचं, की आज कढईत काय आहे. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात कोपरापर्यंत कधी निळे असत, कधी लाल, आणि लग्नसराईत मंडपाच्या कापडाचं काम आलं की आठ-आठ दिवस गुलाबी. नखं मात्र बारमाही काळी. जवळा बाजार या आमच्या गावात, बाजारओळ संपते तिथं, पत्र्याची एक शेड, तीन चुली, तीन कढया, कापड आपटायचा धोंडा आणि मागच्या ओढ्याकडं जाणारी नाली, एवढा आमचा कारभार होता. शेडच्या पाठीला लागून दोन खोल्यांचं घर. सकाळी डोळा उघडायच्या आधी ओलं कापड धोंड्यावर आपटल्याचा आवाज कानावर यायचा आणि त्यामागून माय भाकरी थापत असल्याचा. झोपेत हे दोन आवाज मला वेगळे ओळखू येत नसत. भाकरीचा वास आला की मी उठायचे.

रेडिमेड कपडे आल्यावर रंगाऱ्याचं काम केव्हाच आटलं होतं, तरी काही माणसं नेमानं यायची. विटलेलं लुगडं, फेटा, एखाद्या मास्तरांची उडालेली पँट. काम झालं की दादा कापड नुसतं हातात देत नसत. त्याचा एक कोपरा पाण्यात बुडवायचे, पिळायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या सदऱ्यावर, छातीपाशी घासायचे. सदरा नेहमी पांढरा. डाग पडला तर कापड परत कढईत आणि त्या कामाचं काही घ्यायचं नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता. "बघा, जरा बी डाग न्हाई," एवढंच म्हणायचे. एरवी दिवसभर दहा वाक्यं न बोलणारा हा माणूस ते म्हणताना असा खुलायचा, की मला वाटे दादा या एका वाक्यासाठीच रंग करतात. मायला तो सदरा रोज नीळ घालून धुवावा लागे. रंगाऱ्याला पांढऱ्याची हौस कशाला, म्हणून ती त्यांना चिडवायची.

त्या शेडमधून बाहेर कसं पडायचं, याचाच मी विचार करत असे. बारावी झाल्यावर नांदेडला फॅशन डिझायनिंगचा कोर्स केला. तिथल्या एका मॅडमनी रासायनिक रंगाच्या पुड्यांमुळं नद्यांचं काय होतं ते पडद्यावर दाखवलं. वर्गातल्या पोरी जांभया देत होत्या, पण मला घाम फुटला. आमच्या नालीचं पाणी ओढ्यात जायचं, आणि ज्या दिवशी काळा रंग असे त्या दिवशी शेळ्या त्या ओढ्याला तोंड लावत नसत. हे मी लहानपणापासून बघत होते आणि ते मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. परत आले ती डोक्यात खूळ घेऊनच. झाडपाल्याच्या रंगाचे, हातमागाच्या सुती कापडाचे कपडे करायचे आणि शहरात विकायचे. सोबतीला नसरीन होती, आमच्या गल्लीतल्या टेलरची मुलगी. तिच्याइतकी सरळ शिवण मी आजतागायत कुणाच्या मशीनवर पाहिलेली नाही. मी कागदावर काढायचे, ती कापडावर आणायची.

सुरुवातीचे ते महिने आठवले की अजून हसू येतं. घरभर डाळिंबाच्या साली वाळत घातलेल्या. माठात गूळ, पाणी आणि गंजलेले खिळे घालून काळ्या रंगाचं पाणी मुरत ठेवलेलं, त्याचा वास असा की पाहुणे चहा न घेताच उठायचे. आमच्या भागात हळद उदंड. शिजवणीच्या दिवसांत शिवारातून तिची वाफ येते, तेव्हा सगळ्या गावाला भूक लागते. ओळखीच्या शेतकऱ्यांकडून मी हळदीची मोडकी कणी गोळा करायचे. माय अंबाडीची भाजी परतता परतता म्हणायची, "खायची हळद कापडाला घालून राहिली ही. मंग भाजीत काय घालू, तुझी ओढणी?" आणि तरी तिनंच मला तिची सगळ्यात मोठी पातेली काढून दिली.

दादा कढईपाशी येऊन वाकून बघायचे, काडीनं कापड उचलायचे, तुरटी किती घातली ते विचारायचे. एकदा त्यांनी माझी हळदीत रंगवलेली ओढणी दोन दिवस उन्हात टाकून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी आणून माझ्यापुढं धरली. ती पिवळी राहिली नव्हती.

"ह्ये इकणार व्हय तू?"

"दादा, नैसर्गिक रंग असाच असतो. हळूहळू उतरतो. घेणाऱ्यांना माहीत असतं ते."

"तुज्या कॉलेजात शिकवलं आसंल," ते म्हणाले. "पर जो उडतो त्याला आमी रंग म्हणत न्हाई, डाग म्हणतो."

मला राग आला. पुडीचा एक कणही माझ्या कापडाला लागता कामा नये, असं मी त्यांना बजावलं. ते "व्हय" म्हणाले आणि आपल्या कढईकडं गेले. त्या 'व्हय'ला मी होकार समजले. वीस-बावीस वर्षांचं पोरगं आपल्याला हवं तेच ऐकतं.

पुण्यातलं बोलावणं आलं त्या दिवशी नसरीननं मशीन बंद करून मला घट्ट मिठी मारली होती. स्वतःच्या हिमतीवर पर्यावरणपूरक कपडे करणाऱ्या तरुण डिझायनरांचं प्रदर्शन होतं, दोन दिवसांचं. माधुरीताई म्हणून एक बाई ते भरवत. त्यांची अट एकच आणि ती आमच्याकडून सही करून घेतलेली: एकाही कापडाला रासायनिक रंग लागलेला नसावा. तसा निघाला तर स्टॉल तिथल्या तिथं बंद, आणि पुन्हा कधी बोलावणं नाही. तिथं मोठ्या दुकानांची माणसं येतात, तिथून पुढं वाट उघडते, असं सगळे सांगत होते. आम्हाला ती वाट हवी होती. नसरीनच्या घरी तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती, आणि काम उभं राहिलं तरच ते लांबणार होतं. हे ती मशीन चालवता चालवता सांगायची, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

आम्ही चाळीस हळदी ओढण्या करायच्या ठरवल्या. मोठं काम, घाई, आणि मी अशी चूक केली की रंगाऱ्याच्या शेंबड्या पोरानंही करू नये. ओढण्या रंगवून भर उन्हात दोरीवर टाकल्या आणि नसरीनकडं कुर्त्यांची काजं करत बसले. संध्याकाळी येऊन बघते तर सगळ्या ओढण्यांवर पट्टे. जिथं दोरीची घडी होती तिथं पिवळं, बाकी ताकासारखं. निघायला पाच दिवस उरले होते. मी शेडमध्येच बसून रडले. दादांनी ओढण्या दोरीवरून काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि म्हणाले, "तू जा तिकडं, शिवणाचं बघ. ह्या मी करतो."

"हळदीतच, दादा. अन् सावलीत वाळवा."

"व्हय."

तीन दिवसांनी चाळीस ओढण्या घड्या घालून घरात ठेवलेल्या होत्या. एकसारख्या, तजेलदार, कुठं डाग नाही की पट्टा नाही. नसरीननं एक उलगडली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"वैशू, ह्ये लई चमकून राहिलंय," ती म्हणाली. "हळद अशी न्हाई चमकत. तुज्या दादाला ईचार ना एक बार."

"या साली हळदच चांगली आहे," मी म्हणाले.

पुढं मी अनेकांना सांगितलं, की मला काही माहीत नव्हतं. ते खरं नाही. मी रंगाऱ्याच्या घरात वाढले होते. पुडीचा पिवळा आणि हळदीचा पिवळा मला अंधारातसुद्धा वासानं सांगता आला असता. म्हणूनच मी त्या ओढण्यांचा वास घेतला नाही. दादा बाहेर चुलीपाशी बसले होते, दहा पावलांवर. उठून विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी दोऱ्यात चिठ्ठ्या ओवायला बसले. इंग्रजीत छापलेल्या, 'शून्य रसायन' अशा अर्थाच्या. दादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

नसरीनला घरच्यांनी पुण्याला पाठवलं नाही. दादा म्हणाले, मी येतो. मायनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, दादांनी नवा पांढरा सदरा घातला. पहिल्या दिवशी ते स्टॉलवर आलेच नाहीत, लांबच्या एका नातेवाइकाकडं टेकले होते. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता. लोकांना दाखवायला मी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या होत्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत लिंबाचा रस. खऱ्या हळदीचं कापड साबणात बुडवलं की लाल होतं आणि लिंबात बुडवलं की परत पिवळं. आपल्याकडं पंगतीत सांडलेली भाजी धुताना सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण तिथं लोक टाळ्या वाजवायचे. हे सगळं मी घरून आणलेल्या जुन्या तुकड्यावर करत होते. ओढणीवर का नाही? ओढणी खराब होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आले. मागं स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघत राहिले. तासाभरात बारीक केस कापलेल्या एक बाई आल्या, साठीच्या. त्यांनी चार ओढण्या निवडल्या होत्या. मी वाटी पुढं केली आणि तुकडा उचलला.

"तुकड्यावर नको," त्या म्हणाल्या. "या ओढणीवरच करा ना. लाल झाली तरी मी घेणारच आहे."

आसपास पाच-सहा जण थांबले होते. माधुरीताई शेजारच्याच स्टॉलवर होत्या. मी ओढणीचा कोपरा साबणाच्या पाण्यात बुडवला. बोटांनी चोळला. पाण्यात फेस आला. कोपरा पिवळाच राहिला, स्वच्छ आणि एकसारखा पिवळा. मी परत बुडवला. कुणीतरी म्हणालं, "अजून थोडा वेळ लागत असेल." 

दादांना त्या वाट्यांचं काम माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बाई रंग उतरतो का ते बघतायत. ते उठून पुढं आले, माझ्या हातातून तो ओला कोपरा घेतला, पिळला आणि आपल्या नव्या सदऱ्यावर छातीपाशी घासला. मग सदरा ताणून त्या बाईंना दाखवला.

"बघा ताई, जरा बी डाग न्हाई."

त्यांचा चेहरा तोच होता, गावातला, रंग पक्का निघाल्यावरचा. त्यांनी माझ्याकडंही बघितलं. पोरीची लाज राखली, असा आनंद त्या चेहऱ्यावर होता. बाई मात्र माझ्याकडं बघत होत्या. माधुरीताई जवळ आल्या, त्यांनी ओढणी हातात घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, "वैशाली, हे काय आहे?"

मी काय काय सांगू शकले असते, याची यादी मी नंतर कितीदा तरी केली आहे. माझी चूक झाली, एवढं म्हणता आलं असतं. गप्पही राहता आलं असतं. मी म्हणाले, "या ओढण्या आमच्या नाहीत ताई. वेळ कमी होता म्हणून बाहेरून रंगवून घेतल्या. या रंगाऱ्यांकडून. यांनी पुडी वापरली, मला माहीत नव्हतं."

'या रंगाऱ्यांकडून' म्हणताना मी हात केला होता. दादांचा हात अजून सदऱ्यावर होता. त्यांनी तो हळूच खाली घेतला. एक क्षण ते माझ्याकडं बघत राहिले. काय चाललंय ते त्यांना सगळं कळलं नसावं, पण मला काय हवंय ते कळलं. मग ते माधुरीताईंकडं वळले.

"व्हय ताई," ते म्हणाले. "चुकी माजी हाय. मॅडमनी न्हाई म्हणून सांगितलं व्हतं मला. मॅडमची काई चुकी न्हाई."

मला. मॅडम म्हणाले.

चाळीसही ओढण्या काढून घेतल्या गेल्या. दोष रंगाऱ्याचा धरला गेला, म्हणून स्टॉल चालू राहिला. मी सगळ्यांसमोर कबूल केलं म्हणून माधुरीताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या बारीक केसांच्या बाईंनी ओढण्यांऐवजी डाळिंबाच्या रंगाचे तीन कुर्ते घेतले. दादांनी ओढण्या आपल्या पिशवीत भरल्या आणि हॉलबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच होते. दुपारी मी दोनदा दारापर्यंत गेले. लोक होते. दोन्ही वेळा परत फिरले.

पुढं आमचं काम वाढलं. नसरीनचं लग्न तिच्या मनासारख्या वेळी आणि मनासारख्या ठिकाणी झालं. आम्ही आजही सोबत काम करतो. आमच्या नालीला आता रंगाचं पाणी नाही, ओढ्याला शेळ्या तोंड लावतात. पुण्याचा तो प्रसंग माधुरीताईंनी बऱ्याच ठिकाणी सांगितला, नव्या मुलींना प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून. समोर बसून ते ऐकताना मी मान खाली घालायचे आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. तो रंगारी कोण होता हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. दादा गेले तेव्हा त्या भेटायला आल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "यांना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं." मी पाणी आणायला आत गेले.

पुण्याहून परतताना, त्या रात्रीच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. दादांनी धपाट्यांची पुडी सोडली, एक मला दिलं. मी खात नाही बघून स्वतःही खाल्लं नाही. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काहून केलं दादा असं? मी न्हाई म्हणले व्हते ना?"

"सोडा घालून उकळल्या, सगळी हळद काढून टाकली आदी," ते कामाचं सांगतात तसं सांगू लागले. "मंग रंगीवल्या. मला वाटलं, चाळीस बाया घेऊन जातील, म्हैन्यात रंग उडंल, अन् चाळीस घरांत तुला नावं ठिवतील." मग म्हणाले, "त्यांना उडणाराच पायजे आसतो, ह्ये मला खरं वाटलं न्हाई, बाई."

मला माफी मागायची होती. शब्द तोंडात होते, पण पुढच्या सीटवर माणसं होती, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

सकाळी परभणीला उतरलो. जवळा बाजारकडं जाणारी जीप भरायची होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो, दादांच्या मांडीवर ओढण्यांची पिशवी. समोर सेनगावकडचे एक म्हातारे बाबा गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. बोलका माणूस. कुठून आले, कुठं चालले, पाणीपाऊस कसा, सगळं विचारून झालं. मग त्यांनी माझ्याकडं हनुवटी केली.

"अन् ही कोण? लेक हाय का?"

 दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. काय सांगायचं ते मी सांगावं म्हणून ते थांबले होते, दुकानात गिऱ्हाईक ठरवेल त्या रंगासाठी थांबत तसे. म्हातारे बाबा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते.

"व्हय बाबा," मी म्हणाले. "मी लेक हाय यांची."

"मंग बराबर," म्हातारे म्हणाले आणि हळदीच्या पिकाचं बोलू लागले. दादाही त्यांच्याशी बोलू लागले. जीप सुटली. पण त्यानंतर, ते होते तोवर, अनोळखी माणसानं माझ्याकडं बोट करून ही कोण म्हणून विचारलं, की दादा आधी माझ्याकडं बघायचे.